कायद्यानं तुझा बाप

डोणगाव,
शनिवार

प्रिय करिष्मा, माझ्या माये,

डब्यात वर वांग्याची भाजी आणि भाकरी आहे, त्याखाली हा कागद ठेवतोय. आधी जेव, मग वाच. उपाशी पोटी माझं बोलणं तुला कधीच मानवलेलं नाही, आणि आज तर मी लांबलचक लिहिणार आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण तुला माहीत आहे, जन्मभर चक्कीच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा गळाच तसा झालाय. साधं 'पोहोचलीस का' विचारलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं हा भांडण काढून राह्यला. तुझ्या होस्टेलच्या पोरी विचारतात ना, करिष्मा, तुझे बाबा चिडले का गं? म्हणून हा कागद. गुरुजींनी शाळेत पत्र शुद्ध लिहायला शिकवलं होतं, तसं लिहायला बघतो. मधेच आपली बोली घुसली तर घुसू दे, मी काही तहसीलदाराला अर्ज लिहीत नाही.

सोमवारी मेहकरच्या कोर्टात तुझ्या दाव्यात माझी साक्ष आहे. मागच्या दिवाळीत तू चुलीपुढं बसून, मान खाली घालून म्हणाली होतीस, की बाबा, कागदावर तेवढं म्हणा, मी अविनाशची मुलगी. घरात तर तुम्हीच बाबा. एवढं म्हणून अशी पटकन उठून गेलीस, की माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाहीस. अगं येडे, मला राग नव्हता आला. माझा दादा, अविनाश, वनखात्याच्या सरकारी नोकरीवर असताना वारला, त्याच्या लेकराला त्याच्या जागेवर नोकरी मागायचा हक्क आहे, आणि मागायची मुदत आता संपत आलीय. तू वनरक्षक होऊन, खाकी घालून जंगलात फिरणार असशील तर माझ्याइतका खूश दुसरा कोण? फक्त खातं म्हणतं, आणि त्यांच्या परीनं ते बरोबरच आहे, की अविनाशला लेकरू होतं याचा कागद दाखवा. कागदावर तर तुझा बाप मी. शेषराव उकंडराव. जन्माच्या दाखल्यावर मी, शाळेत मी, आधार कार्डावर मी. म्हणून हा दावा, की कोर्टानं सांगावं, ही मुलगी शेषरावची नाही, अविनाशची आहे.

मला वाटलं होतं, यात काय मोठं? जाईन, शपथ घेईन, सांगून टाकीन की पोरगी माझ्या भावाची, अख्ख्या डोणगावाला माहीत आहे. आपल्या वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, शेषरावजी, गावाला माहीत असून उपयोग नाही, आणि तुम्ही नाही म्हटल्यानंही होत नाही. लग्न टिकून असताना बाईला लेकरू झालं की त्या लग्नातला नवरा तोच बाप, असं कायदा धरून चालतो. मी म्हटलं, अहो, पण ही पोटात आली तेव्हा मी हिच्या आईचा नवरा नव्हतोच. तर म्हणे, पोटात कधी आली हे नंतरचं, जन्मली तेव्हा तिची आई कुणाची बायको होती ते आधी. विधवा वहिनीशी मी पाट, म्हणजे पुनर्विवाह, लावला नसता तर दादाच्या मागे नऊ महिन्यांत आलेलं लेकरू आपोआप दादाचंच धरलं असतं. आम्ही पाट लावला आणि तुला दादाकडून काढून माझ्या नावावर करून टाकलं. मी म्हटलं, मग रक्त तपासा, बाटलीभर घ्या. तर रक्ताचा नंबर मागून येतो म्हणाल्या. नुसत्या रक्तानं हे मोडत नाही. ते एकाच गोष्टीनं मोडतं. त्या दिवसांत त्या नवरा-बायकोचा संबंध यायचा सवालच नव्हता, हे आधी दाखवावं लागतं. हे सांगताना बाई टेबलावरची पेनं एका रांगेत लावत बसल्या, माझ्याकडे बघेनात.

मग म्हणाल्या, अजून एक सोपा रस्ता आहे. तुमच्या पाटाचा ना कागद, ना फोटो, ना पत्रिका. भावाच्या विधवेशी लग्न तसंही कायद्यात बसत नाही, समाजात तसा रिवाज आहे हे सिद्ध करावं लागतं. तर आपण म्हणू, पाट लागलाच नव्हता. मंजुश्रीबाई शेवटपर्यंत अविनाशच्या विधवा म्हणूनच राहिल्या. म्हणजे तुमचा प्रश्नच येत नाही. करिष्मा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाट लागला नव्हता, तर मग ती बाई इतकी वर्षं माझ्या घरात कोण म्हणून नांदली? माझ्या नावाचं कुंकू लावून माझी भाकर थापत होती ती कोण? तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि मी कोर्टात उभं राहून तिला ठेवलेली बाई ठरवू? माझ्या बायकोले? माझा आवाज असा चढला की बाहेर बाकावर बसलेले पक्षकार आत डोकावले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मी प्यालो नाही. म्हटलं, तुमचा तो पहिला रस्ता धरा, कितीही वाकडा असो.

तो पहिला रस्ता म्हणजे काय, हे तुला कळायचं तर मागचं सगळं सांगावं लागतं. हे तुझ्या आईनं सांगायचं होतं. ती नाही. आता ते पुरतं जाणणारा मी एकटाच उरलो.

तुझा बाप, म्हणजे अविनाशदादा, माझ्याहून मोठा. एक खांदा जरा खाली टाकून चालायचा, आणि कुणी काही मोठेपणा सांगायला लागलं की "हट् बे!" म्हणून उडवून लावायचा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. वैशाखात, बीबी गावाच्या बाजूला त्याच्या राखणीतल्या जंगलात वणवा लागला, तर भर उन्हात गेला, विझवला, आणि एका झाडाखाली टेकला तो उठलाच नाही. ऊन लागलं. घरी आणला तेव्हा ओठांना भेगा पडलेल्या होत्या. तुझी आजी झुंबरबाई त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत राहिली आणि ते गालावरून खाली येत राहिलं. मी तिचा हात धरायला गेलो तर मला ढकलून दिलं. त्या दिवसापासून आपल्या घरात दादा पाणी मागतो. मला वेडा म्हण, पण चक्कीचं बटण बंद केल्यावर पट्टा थांबता थांबता एक आवाज निघतो, त्यात मला स्पष्ट ऐकू येतं, शेषा, पाणी आण बे. आजही येतं. तुझ्या आईलाही येत असावं. आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही, पण ती हातातलं काम टाकून माठाकडे जायची, पेला भरायची आणि तशीच उभी राहायची. तो पेला कुणाला द्यायचा हे तिला उमगायचं नाही. मग माठाच्या बुडाशी ओतून टाकायची. मी ते बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो.

तेरवीला तुझे मामा बीबीहून आले. म्हणाले, पोर तरणी आहे, घेऊन जातो, पुढं तिचं बघू. आजीनं त्यांच्या चपला लपवल्या! खरं सांगतो, हसू नको. तिला वाटलं, सून गेली की अविनाशचं जे काय उरलंय तेही गेलं. तिनं महिनाभरात ठरवून टाकलं की मंजुश्रीचा पाट शेषाशी लावायचा. मला कुणी विचारलं नाही असं नाही, विचारलं. मी हाव म्हटलं. त्या घरात तेव्हा नाही म्हणणारा माणूसच नव्हता. आपल्यात बाई गरवार असेल तर बाळंतपण होईस्तोवर पाट लावत नाहीत, हा जुना नियम. पण कुणाला माहीत होतं? तुझ्या आईला स्वतःलाच कळलं नव्हतं. अन्न जाईना, पाळी चुकली, तर सगळ्यांनी म्हटलं दुःखानं असं होतं. अजून चार-सहा आठवडे कळ काढली असती तर तू दादाची म्हणून जन्मली असतीस, दादाची म्हणून वाढली असतीस, आणि मी तुझा काका राहिलो असतो. आजीच्या एका घाईनं सगळ्यांची नाती फिरली. तिला दोष देववत नाही. लेक गेलेली बाई ती, तिला सुनेचा पदर तेवढा धरून ठेवायचा होता.

मी तेव्हा कोरा, म्हणजे बिनलग्नाचा. कोऱ्या पोरानं विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात, हे तुला माहीत नसेल. बांधावरची एक रुई बघितली. तिला हळद लावली, मला लावली, मधे धोतर धरलं, शालिग्रामबुवानं दोन मंगलाष्टकं म्हटली आणि लगेच ती रुई उपटून फेकली. म्हणजे माझी पहिली बायको वारली. म्हणजे मी विधुर झालो. म्हणजे आता विधवेला चाललो. पोट्टे खदाखदा हसत होते, मीसुद्धा हसलो. तुझ्या आईशी पाट मात्र दिवे लागल्यावर, मारोतीच्या देवळामागं, सवाष्णींची नजर पडू नये म्हणून आडोशाला. तिथं कुणी हसलं नाही. तिच्या अंगावर साधं पांढरट लुगडं होतं आणि तिनं एकदाही वर बघितलं नाही. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. मारोतीला नारळ फोडला आणि घरी आलो.

घरी आलो तर आजीनं दादाची खोली झाडून ठेवलेली. त्याचीच बाज, त्याचीच गादी, चादर तेवढी नवीन. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मी उंबऱ्याशी आलो आणि ती सवयीनं बोलून गेली, भाऊजी, दार लोटून घ्या. बोलली आणि तिनं स्वतःचंच तोंड दाबून धरलं. खोलीत दादाच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. मला वाटलं, तो बाजेवर आडवा झालाय, डोळ्यांवर हात घेऊन, आणि आता म्हणेल, काऊन आला बे इथं? माझा पाय उंबरा ओलांडेना. दार बाहेरून लोटून घेतलं, चक्कीत आलो आणि गव्हाच्या गोण्यांवर आडवा झालो. वाटलं होतं, एक दिवस जाऊ द्यावा. मग दुसरा गेला. मग आषाढ लागला आणि एक दिवस आजी पळत चक्कीवर आली, डोईवर पदर नाही, पायात चप्पल नाही, अन् भर गिऱ्हाइकांत ओरडली, शेषा, मंजुले दिवस गेले, अविनाश येऊन राह्यला!

येऊन राह्यली तू. पौषात, आपल्या घरीच, सुईणीच्या हातची. पूर्ण भरलेली, काळ्याभोर जावळाची. पण तुला कुणी वजनकाट्यावर तोललं नाही, कुठल्या दवाखान्यात नोंद नाही, त्यामुळे खात्याचे वकील सरळ म्हणतील की सातमाशी असेल, पाटानंतरचीच असेल. आजीला पोरगा हवा होता, तिनं क्षणभर तोंड वाकडं केलं. मग तू झोपेत डावा हात डोळ्यांवर घेतलास, अगदी दादासारखा, आणि ती मटकन खाली बसली. मी ग्रामपंचायतीत नाव लावायला गेलो. बापाचं नाव विचारलं. मी तिथं उभा होतो, तुझ्या आईचा नवरा मी, घरात दूध-साखर आणणारा मी. दुसरं कुणाचं सांगणार? माझं सांगितलं. बाहेर आलो तो सरळ घरी. नाव मीच ठेवलं करिष्मा. आजी म्हणाली, हे काय सिनेमातलं नाव! मी म्हटलं, माझ्या पोरीचं आहे, मी ठेवीन. 'माझ्या पोरीचं' असं मी तेव्हा पहिल्यांदा म्हणालो.

तू चालायला लागलीस ती एक खांदा खाली टाकून. कुणी शिकवलं तुला? त्याला तू बघितलेलं नाहीस, त्याचा फोटोसुद्धा आजीनं पेटीत घालून ठेवला होता. चार वर्षांची असताना मी तुला मोठ्या ऐटीत काही सांगत होतो आणि तू हात उडवून म्हणालीस, हट् बे! तुझ्या आईच्या हातातली परात पडली. मी गिऱ्हाइकाचं पीठ सांडलं. करिष्मा, तू मला जितकी आवडायचीस तितकीच मला तुझी भीती वाटायची. तुला खांद्यावर घेऊन बाजारात फिरताना वाटायचं, लोक काय बघतात? शेषाच्या खांद्यावर अविनाश बसलाय, हे बघतात. ताप आला आणि तू पाणी मागितलंस की आम्ही तिघंही एकदम धावायचो, आजी, तुझी आई आणि मी, आणि माठापाशी एकमेकांवर आदळायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पित्तरांची घागर भरायची असते, ती दादाच्या नावानं दरसाल मी भरतो. तू सहा-सात वर्षांची असशील, तुला वाटलं खेळ आहे, तू तांब्या घेऊन पुढं झालीस. आजी खेकसली, मागं हो, बाप जिता असलेल्या लेकरानं पित्तराले पाणी देऊ नये! बोलली आणि तिचं बोलणं तिलाच लागलं. बाप जिता आहे, तो इथं पाटावर बसलाय. आणि बाप मेला आहे, त्याच्याच नावाची ही घागर. ज्याचं लेकरू आहे त्याला लेकराच्या हातचं पाणी नाही, कारण मी जिता आहे. आजी कपाळाला हात लावून रडायला लागली. तू घाबरून माझ्या कुशीत शिरलीस. मी तुझ्या केसांवरून हात फिरवत घागर भरली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा दादाची लाज वाटली. त्याचं घर माझ्याकडे, त्याचं लेकरू माझ्याकडे, आणि तो दारात कोरडा उभा.

आता जे लिहितोय ते बापानं लेकीला लिहू नये. पण सोमवारी ते तुला परक्या लोकांसमोर ऐकावं लागेल, त्यापेक्षा इथं वाच. तुझ्या आईचा आणि माझा नवराबायकोचा संबंध कधी आला नाही. तुझ्या जन्माआधी नाही, आणि नंतरही नाही. तू झाल्यावर मी चक्कीतून घरात झोपायला आलो, पण बाहेरच्या ओसरीवर. तू विचारायचीस, बाबा ओसरीवर काऊन झोपता? मी म्हणायचो, घोरतो मी, तुझ्या आईची झोप मोडते. आम्ही एकमेकांना हाक कशी मारायची हेसुद्धा ठरलं नाही. वहिनी म्हणायची सोय राहिली नव्हती आणि मंजू म्हणायची हिंमत नव्हती. अवं, अवो, ऐकलं का, एवढ्यावर संसार केला. दोन वेळा प्रयत्न केला, तिनंही आणि मीही. ती माझ्या शेजारी येऊन बसली, आणि दोघांनाही कुठूनतरी तो पाणी मागताना ऐकू आला. ती उठून माठाकडे गेली. झालं, संपलं.

आजी दुसरं लेकरू मागायची. मेहकरला डॉक्टर झाला, देवऋषी झाला, कुणी सांगितलं म्हणून दादाचा चांदीचा टाक करून देवात ठेवला. गावात बोलायचे, भावानं एक तरी केलं, ह्याच्यानं तेही होईना. चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बायका पदराआड हसायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी झाकलेली ठेवली. पण तू असं समजू नको की आम्ही दुःखात कुढत बसलो होतो. ती मला जीव की प्राण होती. प्रेम म्हणतात ते होतं, लिहायला काय लाजू आता? ती बाजारातून आली की माझ्यासाठी शेव-चिवड्याची पुडी पदरात बांधून आणायची, आणि मी ती दुकानाच्या मागं उभं राहून एकट्यानं खायचो. आम्ही दोघांनी मिळून तुला वाढवलं, एवढाच आमचा संसार, आणि मला तो पुरला. दवाखान्यात शेवटी तिची शुद्ध जात-येत होती, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, लय केलं तुमी, भाऊजी. इतक्या वर्षांनी भाऊजी. मला बरंही वाटलं आणि काळजात कळही आली. मी म्हटलं, हो वहिनी.

तर सोमवारी हे मी सांगणार आहे. समोरचे वकील विचारतील, एका छपराखाली राहत होता ना? तरणे होता ना? बायको देखणी होती ना? मग एकही दिवस कसं नाही म्हणता? मी म्हणणार, नाही. चक्कीसमोरच्या हॉटेलातला निवृत्ती सांगणार आहे, की तेव्हा रोज सकाळी तो मला गोण्यांवरून उठवून चहा द्यायचा. मागच्या बाकांवर आपल्या गावचे लोक असतीलच, कुणाची ना कुणाची तारीख असतेच. ते हसतील आणि दुसऱ्या दिवशी दळणाबरोबर ते हसू चक्कीवर येईल. येऊ दे. तुझ्या आईच्या पदराला मात्र कुणी हात लावू शकणार नाही. ती माझी लग्नाची बायको होती, हे मी आधी सांगणार आणि मग बाकीचं. तू मात्र घाबरून दावा मागं घ्यायची नाहीस, सांगून ठेवतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे, हे वाचून म्हणशील नको मला नोकरी. खबरदार! दादा त्या जंगलात मेला, त्या जंगलात त्याची पोरगी त्याच्या नावानं उभी राहणार. मी वकीलबाईंना विचारलं होतं, निकाल आपल्या बाजूनं लागला तर मी तिचा कोण? त्या म्हणाल्या, काका. तसे सावत्र वडीलही म्हणता येईल. मी म्हटलं, सावत्र नको, काकाच बरा.

आता हे सगळं लिहायचं खरं कारण. मला वाटलं होतं, मी आधी हेच सांगून टाकीन, पण पेन वळलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात पोरीच्या तोंडून चुकूनही 'बाबा' निघता कामा नये, समोरचे तेवढंच धरून बसतील. तिनं तुम्हाला काकाच म्हणायचं. बरोबर आहे त्यांचं. मला वाट्टेल ते विचारू दे, नामर्द म्हणू दे, मी उभा राहीन. पण ते एक, तुझ्या तोंडून, तिथं पहिल्यांदा ऐकलं तर माझ्या तोंडून पुढचा शब्द निघणार नाही, आणि माझी साक्ष बुडाली तर तुझा दावा बुडाला. म्हणून उद्या रविवारी दुपारी मला फोन कर. चक्की बंद असते, आजी झोपलेली असते, ऐकायला मी एकटाच असेन. जास्त काही बोलू नको, रडू तर मुळीच नको. नुसतं विचार, शेषरावकाका, सोमवारी किती वाजता येता? मी वेळ सांगीन आणि फोन ठेवून देईन. मग सोमवारी ते आपल्या दोघांनाही जुनं झालेलं असेल.

अजून तरी तुझाच,
बाबा